इलेक्ट्रिक कुकरमधला इटालियन मीट सॉस: ऑरोरातल्या नोंदी

काम: दोनेक लिटर मीट सॉस एका दमात करायचा, फ्रीझरमध्ये भरायचा आणि ऑफिसच्या दिवशी पास्ता उकळेपर्यंत गरम करून घ्यायचा. गॅसवर हे मला जमतं, पण तीन-साडेतीन तास भांड्यापासून हलता येत नाही. कुकरने निदान उभं राहणं तरी वाचावं, एवढीच अपेक्षा.

साधनं: सहा क्वार्टचा, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपासचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, आत स्टीलचं भांडं. एक रुंद कढई. ओव्हन. जागा: कोलोरॅडोतलं ऑरोरा, डेन्व्हरला लागून, समुद्रसपाटीपासून साधारण १६५० मीटर उंच. ही उंची पुढे आडवी येते.

पाककृतीसाठी इटलीतल्या बोलोन्या शहराचा रागू, म्हणजे मांसाचा दाट सॉस, समोर ठेवला. इटालियन पाककला अकादमीने १९८२ साली बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये त्याची कृती रीतसर नोंदवली आणि २०२३ मध्ये ती सुधारून पुन्हा नोंदवली. नव्या नोंदीत ४०० ग्रॅम जाडसर बीफ खिमा, १५० ग्रॅम पँचेटा (डुकराच्या पोटाकडचं खारवलेलं मांस), कांदा-गाजर-सेलरी प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम, एक पेला वाइन, २०० ग्रॅम गाळलेला टोमॅटो आणि चमचाभर टोमॅटो पेस्ट आहे. दूध हवं तर घाला. लसूण नाही, ओरेगॅनो नाही. टोमॅटो मांसाच्या निम्मा, हे आधी नीट बघून घ्या. अमेरिकेत ‘मीट सॉस’ म्हणून जे मिळतं त्यात हे प्रमाण बरोबर उलटं असतं.

आमच्या घरात बीफ येत नाही, त्यामुळे अस्सलपणाचा दावा इथेच सोडून देतो.

११ जानेवारी, शनिवार

डुकराचा तयार खिमा ९०० ग्रॅम, पँचेटाचं ११३ ग्रॅमचं पाकीट, भाज्या प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम अगदी बारीक चिरून, व्हाइट वाइन एक पेला, टोमॅटो पेस्ट दोन चमचे, क्रश्ड टोमॅटोचा ७९४ ग्रॅमचा एक डबा, अर्धा पेला दूध. वाइनची बाटली धरून खर्च सुमारे ३० डॉलर.

कुकर परतायच्या मोडवर, आच सगळ्यात जास्त. पँचेटाची चरबी सुटली, भाज्या मऊ झाल्या. मग सगळा खिमा एकदम टाकला. भांड्याचं बूड जेमतेम बावीस सेंटिमीटर. खिम्याचा जाड थर झाला, त्याला पाणी सुटलं आणि परतायच्या ऐवजी तो त्या पाण्यात उकडायला लागला. ते पाणी आटायला पंचवीस मिनिटं गेली. रंग शेवटपर्यंत राखाडीच.

पुढे वाइन, टोमॅटो, पेस्ट, दूध सगळं घालून ढवळलं, झाकण लावलं. दहा-बारा मिनिटांनी पडद्यावर ‘बर्न’.

उघडून बघितलं तर बुडाला तळहाताएवढा काळा चट्टा. पेस्ट आणि क्रश्ड टोमॅटो दाट असतात, ते बुडाशी बसतात आणि फिरत नाहीत. खालच्या सेन्सरला बूड प्रमाणाबाहेर तापल्याचं कळतं आणि यंत्र आच बंद करतं. त्यात आधी खिम्याची खरवड बुडाला चिकटलेली होतीच, ती मी सोडवली नव्हती. वाफ धरायला पातळ द्रव लागतो आणि मी तर पाण्याचा थेंब घातला नव्हता. ‘टोमॅटोत पाणी असतंच की’ हा हिशोब इथे चालत नाही.

वरचं सगळं दुसऱ्या पातेल्यात ओतलं, तळ न खरवडता. करपलेलं एकदा मिसळलं की मग काही उपाय नाही. भांडं गरम पाण्यात भिजवून घासलं, सॉस परत आत, अर्धा कप पाणी, पुन्हा झाकण, ३५ मिनिटं प्रेशर. या भानगडीत पाऊण तास गेला तो गेलाच.

१२ जानेवारी

रात्रीचा सॉस आज खाल्ला. तीन दोष.

पातळ. चमच्यातून ओघळतो. झाकणबंद कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जात नाही, म्हणून आत गेलेलं पाणी आतच राहतं, वर मांस आणि भाज्या आपलं सोडतात ते वेगळं.

वाइनचा कच्चा वास. कारण तेच. उघड्या भांड्यात अल्कोहोल उडून जातं, बंद भांड्यात त्याला जायला वाट नाही. वाइन झाकणाआधी उघड्यावर उकळून नाकात जाणारा झणका गेला पाहिजे.

दूध फाटलं. पांढऱ्या कण्या सगळीकडे. टोमॅटोच्या आंबटात दूध घालून वर ११० अंशांपुढे तापवलं तर दुसरं काय होणार. बोलोन्यातही ते नंतरच, मंद आचेवर घालतात. कण्या चवीला वाईट नव्हत्या, पण मुलाने ‘यात पनीर आहे का’ विचारलं.

१८ जानेवारी, शनिवार

बदल असे केले. खिम्यातला फक्त तिसरा हिस्सा भांड्यात पसरून, न हलवता, खालची बाजू चांगली तपकिरी होईपर्यंत ठेवला. उरलेला खिमा कच्चाच नंतर घातला. सगळा खिमा थोडा थोडा परतण्यापेक्षा एक हिस्सा पूर्ण परतणं सोपं, आणि चवीत फारसा फरक पडला नाही. वाइन ओतून लाकडी उलथन्याने खरवड शेवटच्या कणापर्यंत सोडवली, वाइन तीन-चार मिनिटं उकळू दिली. मग एक कप पातळ स्टॉक. टोमॅटो आणि पेस्ट सगळ्यात वर नुसती ओतली, ढवळली नाही. दूध बाहेरच.

‘बर्न’ आलं नाही. तेव्हापासून आजतागायत आलेलं नाही. मुळात हा प्रश्न क्रमाचा होता, यंत्राचा नव्हता.

नवी चूक शेवटी केली. भूक लागली म्हणून ३५ मिनिटं संपताच व्हॉल्व्ह उघडला. आतला दाट सॉस एकदम उसळला आणि वाफेबरोबर केशरी तुषार ओट्यावर, टाइल्सवर, वरच्या कपाटाच्या दारावर. पुसायला पंधरा मिनिटं. शिवाय त्या उसळीत वरची चरबी सॉसमध्ये घुसळली गेली, मग तवंग काढताही येईना. दाट पदार्थाला प्रेशर आपोआप उतरू द्यायचं, निदान वीस मिनिटं. हे वीस मिनिट कुठल्याच ‘३० मिनिटांत मीट सॉस’वाल्या कृतीत मोजलेलं नसतं. प्रेशर चढायची पंधरा-वीस मिनिटंही नसतात.

तरीही पातळच. परतायच्या मोडवर आटवायला चाळीस मिनिटं, आणि आटवताना सतत ढवळणं. म्हणजे ज्या उभं राहण्यातून सुटायचं होतं, ते शेवटी येऊन बसलंच.

बाबा डिसेंबरपासून कोल्हापूरहून आलेत. ते डुकराचं खात नाहीत, पण स्वयंपाकघरात खुर्ची टाकून सगळं बघत असतात. आधी विचारलं, “ह्याला शिट्टी न्हाई?” नाही म्हटल्यावर त्यांचा यंत्रावरचा विश्वासच उडाला. मग म्हणाले, “पण खिम्याला कुकर कशाला लावतोयस? खिमा अर्ध्या तासात असाच शिजतोय. कुकर लावायचा तर हाडाचं मटण आण.”

तेव्हा मी हसून विषय बदलला.

१९ जानेवारी

दुपारी त्याच कुकरमध्ये तांदळाची खीर लावली. खिरीला कांद्याचा आणि मांसाचा वास. झाकणाची सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. व्हिनेगरचं पाणी उकळून झालं, रिंग रात्रभर उघड्यावर ठेवून झाली, वास कमी झाला पण गेला नाही. दोन रिंगांचं पाकीट मागवलं, १२ डॉलर. लाल रिंग तिखटामिठाची, पांढरी गोडाची. कुकर घेतानाच दुसरी रिंग घ्यावी.

२५ जानेवारी, शनिवार

बाबांचं बोलणं डोक्यात राहिलं होतं, म्हणून ताडून बघितलं. तोच खिमा, तोच मसाला, दोन सारखे भाग. एक भाग १५ मिनिटं प्रेशरला, दुसरा ३५ मिनिटं.

पंधरा मिनिटांचा खिमा शिजलेला, थोडा चिवट, बरा. पस्तीस मिनिटांचा जिभेवर वाळूसारखा रवाळ आणि कोरडा, जरी तो सॉसमध्येच बुडालेला होता. जिरं-मिऱ्याएवढ्या कणातला रस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येतो. पुढच्या वेळात तो नुसता आक्रसत जातो. गॅसवरच्या मंद आचेवर तीन तासांत जे होतं, त्यातला मोठा वाटा सॉस आटण्याचा आणि कडेला तपकिरी होत जाण्याचा असतो. कुकर नेमकं तेच देत नाही. कुकर जे चांगलं करतो, म्हणजे हाडाजवळचे पापुद्रे आणि शिरा विरघळवून जिलेटिन करणं, ते करायला तयार खिम्यात फारसं काही नसतं.

म्हणजे बाबा बरोबर होते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना घेऊन ऑरोरातल्या एका हलाल दुकानात गेलो. कोलोरॅडोचं लॅम्ब अमेरिकेत नावाजलेलं, त्यामुळे मिळायला अडचण नाही. खांद्याचा भाग हाडासकट, १.८ किलो, सुमारे ३४ डॉलर. बाबांनी काउंटरच्या काचेपलीकडून कुठला तुकडा हवा ते बोटाने दाखवून घेतलं, दुकानदाराची भाषा अरबी आणि यांची कोल्हापुरी, तरी दोघांचं जमलं. तुकडे पाच-सहा सेंटिमीटरचे. करवतीने कापल्यामुळे हाडाचा चुरा चिकटलेला असतो, तो धुऊन तुकडे कोरडे पुसून घ्यायचे. ओला तुकडा तपकिरी होत नाही.

लॅम्बचा रागू काही मी शोधलेला नाही. इटलीत आब्रुत्सो हा मेंढपाळांचा प्रदेश, तिथे लॅम्बचा रागू आणि चौकोनी धारेचा ‘कितार्रा’ पास्ता ही जुनी जोडी आहे. तेव्हा बोलोन्या सोडून थोडं दक्षिणेला सरकलो इतकंच. पँचेटा गेला, त्याजागी ऑलिव्ह तेल आणि थोडं लोणी.

परतणं कुकरमध्ये केलंच नाही. तुकडे ट्रेमध्ये एका थरात, मीठ लावून, ओव्हनच्या वरच्या जाळीखाली ब्रॉयलरवर (वरून येणाऱ्या कडक आचेवर) एका बाजूने आठ, दुसऱ्या बाजूने सहा मिनिटं. तोवर कुकरमध्ये भाज्या. दोन्ही कामं एका वेळी, आणि रंग असा की पहिल्यांदा घरात भूक लागेल असा वास सुटला. ट्रेमध्ये जे चिकटलं ते वाइनने सोडवून कुकरमध्ये. ती वाइन उकळवली, मग एक कप पाणी, वर मांस, सगळ्यात वर हाताने कुस्करलेला टोमॅटो, निम्म्या प्रमाणात.

वेळेचा हिशोब. बहुतेक कृतींत अशा तुकड्यांना ४० मिनिटं दिलेली असतात, ती समुद्रसपाटीची. या कुकरचं प्रेशर साधारण १०.२ ते ११.६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), पण ते बाहेरच्या हवेच्या दाबावर चढलेलं असतं. समुद्राकाठी त्यातून ११६ अंशांच्या आसपास तापमान मिळतं. इथे पाणीच ९५ अंशांच्या थोडं खाली उकळतं आणि कुकर ११३च्या आसपास थांबतो. कोल्हापूरच्या शिट्टीच्या कुकरचा दाब १५ पीएसआय धरतात, म्हणजे तो याहून चांगलाच गरम चालतो. बाबांचं ‘चार शिट्ट्या’ हे माप इथे लागू न पडण्याचं हे कारण. नियम असा: २००० फुटांच्या वर दर हजार फुटांना ५ टक्के वेळ वाढवायचा. आमची उंची ५४०० फुटांच्या आसपास, म्हणून १५ टक्के धरून ४६ मिनिटं लावली.

एक चूक झाली. बोलोन्याच्या नोंदीत नाही, पण इटालियन सॉसमध्ये ‘बे लीफ’ घालतात म्हणून मसाल्याच्या डब्यातली दोन तमालपत्रं टाकली. तीन लांब शिरांचं आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, आणि भूमध्य समुद्राकाठचं बे लीफ वेगळ्याच झाडाचं. झाकण उघडलं तेव्हा बिर्याणीचा वास. बाबा खूष, मी नाही.

रात्री उशीर झाला, म्हणून मांस गाळून वेगळं ठेवलं, रस उथळ भांड्यात काढून थंड केला आणि दोन्ही फ्रिजमध्ये. कुकरच्या जाड भांड्यात तसंच ठेवायचं नाही. त्यात ते तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

२ फेब्रुवारी

झोपेमुळे पुढे ढकललेलं काम हाच खरा उपाय निघाला. रसावर सकाळी बोटाच्या पेराएवढा पांढरा, घट्ट चरबीचा थर. सुरीने कापून अख्खा उचलला. लॅम्बचा जो उग्र वास काही जणांना नको असतो, तो मोठ्या प्रमाणात या चरबीत असतो. खाली रस जेलीसारखा थरथरणारा. हे हाडांचं आणि पापुद्र्यांचं काम. खिम्याच्या सॉसमध्ये हे एकदाही दिसलं नव्हतं.

मांस बोटांनी सुटं केलं. यंत्राने नाही, कारण लहान हाडं बोटांनाच कळतात. खांद्यात पातळ पाती असतात, मुलं जेवणार असतील तर दोनदा बघा. १.८ किलोतून हाडं-चरबी जाऊन ९०० ग्रॅमच्या आसपास मांस हाती आलं. महाग वाटतं, आणि आहेच.

रस रुंद कढईत मोठ्या आचेवर. पंधरा-अठरा मिनिटांत निम्मा झाला. कुकरच्या अरुंद भांड्यात चाळीस मिनिटं लागत होती, कारण वाफ निघायला वरचा पृष्ठभागच लहान. शिवाय मांस बाहेर असल्याने सतत ढवळावं लागलं नाही. रस चमच्याच्या पाठीला धरायला लागला की मग मांस आत, आच मंद, अर्धा पेला दूध दोन-तीनदा करून, दहा मिनिटं. दूध फाटलं नाही.

तमालपत्राचा वास राहिला होता, पण सॉस म्हणून हा पहिला खरा. बाबांनी पास्त्याबरोबर दोन घास खाल्ले, “आता जमलं” म्हणाले आणि स्वतःच्या ताटात कांदा-लसूण चटणी मिसळली. त्यावर मी काही बोललो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज फक्त टोमॅटो. कुस्करलेला, तुकडे केलेला आणि अख्खा सोललेला, तीन प्रकारचे डबे.

तुकड्यांचा डबा परत आणणार नाही. तुकडे आकारात राहावेत म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि ते इतकं चोख काम करतं की ४६ मिनिटं प्रेशरनंतरही चौकोनी तुकडे तसेच. अख्खे सोललेले घ्यावेत आणि हाताने कुस्करावेत.

‘सान मार्झानो’ असं लिहिलेले बहुतेक डबे नुसत्या नावाचे असतात. खरा डीओपी शिक्का (माल त्याच प्रदेशातला असल्याची युरोपीय खूण) आणि क्रमांक असलेला डबा अख्ख्या किंवा उभ्या फाकींच्या रूपातच मिळतो, कुस्करलेला मिळत नाही. दुकानात ओळखायला एवढं पुरतं. मी एक खरा डबा सहा डॉलरला आणला, एक साधा अख्ख्या टोमॅटोचा दोन डॉलरला. एवढं मांस, वाइन आणि आटवणं झाल्यावर बायकोला फरक ओळखता आला नाही, मला आला असं मला वाटतं. पुढे साधाच आणतोय. चार डॉलर पार्मेजान चीजकडे वळवले. त्याची कडक साल आटवताना कढईत टाकावी आणि नंतर काढावी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुप्पट करायला गेलो. साडेतीन किलो मांस, टोमॅटो, भाज्या, भांडं दोन तृतीयांशच्या खुणेच्याही वर. प्रेशर चढायला पाऊण तास लागला. मधले तुकडे शिजायला कमी पडले, पुन्हा पंधरा मिनिटं लावावी लागली, तोवर वरचे विरघळून गेले. ट्रेही दोन लागले आणि दुसऱ्या ट्रेमधले तुकडे गर्दीमुळे नुसते उकडले.

सहा क्वार्टला हाडासकट दोन किलो ही मर्यादा. जास्त हवं असेल तर दोन वेळा लावा. ते यापेक्षा लवकर होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज घड्याळ लावून. चिरणं २० मिनिटं. ब्रॉयलर आणि भाज्या एकत्र १८. वाइन उकळणं, भरणं ७. प्रेशर चढणं १९. शिजणं ४६. उतरणं २०. एकूण दोन तास दहा मिनिटं, त्यातली जवळजवळ दीड तास मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी चरबी उचलणं, हाडं काढणं, आटवणं मिळून ५० मिनिटं. एकूण तीन तास, म्हणजे गॅसइतकेच. वाचलं ते उभं राहणं, आणि दोन दिवसांत वाटलं गेल्याने शनिवार मोकळा.

खर्च: लॅम्ब ३४, टोमॅटो २, वाइनचा वापरलेला भाग ३, भाज्या-लोणी-दूध ५, पार्मेजान वेगळं. ४४ डॉलरमध्ये साधारण दोन लिटर, बारा-तेरा जणांचं जेवण. डुकराच्या खांद्याचा हाडासकट तुकडा घेतला तर मांसाचा खर्च निम्म्याहून खाली येतो आणि रीत तीच. बाबा कोल्हापूरला परतल्यावर तोच करणार.

तमालपत्राऐवजी आज खरं बे लीफ, एकच. बिर्याणी गेली. बाबांच्या मते चवही गेली.

१ मार्च, शनिवार

साठवण. चपट्या पिशव्यांत ४०० ग्रॅमप्रमाणे, हवा दाबून काढून, ट्रेवर आडव्या गोठवायच्या. चपटी पिशवी कोमट पाण्यात दहा मिनिटांत सुटते, डब्यातला गोळा तासभर सुटत नाही. पिशवीवर तारीख आधी लिहा, भरल्यावर पेन चालत नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिन्यांत संपवतो.

आईने फोनवर विचारलं, लोणच्यासारखं बरणीत भरून बाहेर का नाही ठेवत? कुकर आहे ना. नाही ठेवता येत. मांसाचा, कमी आंबट पदार्थ बाटलीबंद करायला बॉट्युलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे) बीजाणू मारावे लागतात आणि त्यासाठी तपासलेला, मोठा प्रेशर कॅनर लागतो. अमेरिकी कृषी खात्याची या कामासाठी इलेक्ट्रिक कुकरला शिफारस नाही. आमच्यासारख्या उंचीवर तर विचारही नको. बटणांत ‘कॅनिंग’ असं लिहिलेलं असलं तरी.

पास्त्याबद्दल दोन ओळी, कारण तोही इथे वेगळा वागतो. पाणी ९५ अंशांखालीच उकळत असल्याने पाकिटावरच्या वेळेत दोन-तीन मिनिटं मिळवा. बोलोन्यात हा सॉस स्पगेटीवर घालत नाहीत, तालियातेल्ले या रुंद पट्ट्यांच्या पास्त्यावर घालतात. त्याच्या पट्टीची शिजलेली रुंदी ८ मिलिमीटर असावी हेही तिथे १९७२ मध्ये नोंदवून ठेवलंय. कारण साधं आहे: स्पगेटीवरून मांस घसरून ताटाच्या तळाशी जातं. मुलाला स्पगेटीच हवी असते, म्हणून तळाशी उरलेलं तो चमच्याने खातो. पास्ता एक मिनिट कच्चा असतानाच काढून सॉसच्या कढईत टाका, अर्धी वाटी पास्त्याचं पाणी घाला आणि मोठ्या आचेवर हलवा. ४०० ग्रॅमच्या पिशवीला २५० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो.

आज शेवटच्या दोन पिशव्या बाकी आहेत. पुढच्या खेपेला बोकडाचं मटण आणायचं बाबांनी ठरवलंय, ५५ मिनिटांपासून सुरुवात करून बघतो.